गावच्या घरात फोन संध्याकाळपर्यंत टिकत नाही: दोन सिम, वायफाय, फाईव्ह-जी, नेमकं काय बंद करावं?

रानजाई (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. आई राजापूर तालुक्यात गावच्या घरी एकटी असते, वय ७१. गेल्या पावसाळ्यात तिला मध्यरात्री दम लागला, शेजारच्या वहिनींनी फोन उचलला म्हणून निभावलं. तेव्हापासून रात्रभर तिचा फोन चालू राहिला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि तोच राहत नाही.

फोन दोन वर्षांचा, बॅटरी ५००० एमएएच. सकाळी सातला पूर्ण भरलेला, संध्याकाळी पाचला १५ टक्के. वापर म्हणाल तर दोन-तीन कॉल, व्हॉट्सअ‍ॅप, संध्याकाळी तासभर कीर्तन. दिवाळीत आई माझ्याकडे पुण्याला आली होती तेव्हा हाच फोन, हाच वापर, आणि दीड दिवस चालला.

फोनमध्ये दोन सिम आहेत. एक जुना नंबर, पेन्शन आणि बँकेला जोडलेला. दुसरं आम्ही नेटसाठी घालून दिलं. गणपतीत फायबर घेतलं, त्याचा राउटर माजघरात आहे. घर जांभ्या चिऱ्याचं, भिंती दीड फूट जाड. फोन पडवीतल्या खिडकीच्या गजाला कापडी पिशवीत टांगलेला असतो, कारण रेंज तिथेच येते. राजापुरातल्या दुकानदाराने बॅटरी बदला म्हणून सांगितलंय. बदलू का?

---

पायवाट (रात्री ९:५२)

बॅटरी बदलू नका. पुण्यात दीड दिवस चालते, मग दोष बॅटरीचा कसा?

---

शेवटचा_बाक (रात्री १०:०५)

मागे चालू असलेली सगळी अ‍ॅप्स रोज झाडून काढायला सांगा आईंना. ब्लूटूथ बंद. माझ्या वडिलांच्या फोनला यानेच फरक पडला.

---

तरंगलांबी (रात्री ११:१८)

रानजाईताई, पायवाट म्हणतात ते अगदी बरोबर. पंचवीस वर्षं मोबाईल नेटवर्कच्या कामात काढली आहेत, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

फोन टॉवरशी बोलताना आपला आवाज अंतराप्रमाणे कमी-जास्त करतो. टॉवर जवळ असेल तर एक मिलिवॉटपेक्षाही कमी शक्ती पुरते. लांब असेल, मध्ये डोंगर किंवा चिऱ्याची भिंत असेल, तर फोर-जी फोन साधारण २०० मिलिवॉटपर्यंत चढवतो. टू-जीवर गेला तर ९०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात हीच मर्यादा २ वॉटची आहे. हवेत एवढं सोडायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी जास्त खेचलं जातं, कारण शक्ती वाढवणाऱ्या भागात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जाते. खराब रेंजमध्ये फोन गरम लागतो तो त्यामुळेच.

दुसरा खर्च शोधाचा. फोन खिशात नुसता पडलेला असतो तेव्हा तो बहुतेक वेळ झोपलेला असतो. साधारण सव्वा सेकंदाने डोळे उघडतो, आपल्याला कुणी हाक मारली का ते ऐकतो आणि पुन्हा झोपतो. रेंज धड असेल तर यात फार काही जात नाही. पण रेंज अगदी काठावर असली की त्याला झोप लागत नाही. हा टॉवर सुटला, दुसरा शोध, फोर-जी गेलं, टू-जीवर जा, परत ये. आता दोन सिम म्हणजे दोन हाका ऐकायच्या. ज्या सिमला रेंज नाही ते दिवसभर शोधत राहतं, आणि वापर मात्र शून्य.

तेव्हा आधी मोजा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस. तिथे प्रत्येक सिमच्या सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो. उणे ८५ म्हणजे छान, उणे ११५ म्हणजे अवघड. दर १० ने आकडा खाली गेला की सिग्नल दहा पटींनी क्षीण झाला असं समजा. खिडकीत किती, स्वयंपाकघरात किती, रात्री उशाशी किती, दोन्ही सिमचं लिहून कळवा.

शेवटचा_बाक, अ‍ॅप्स झाडून काढल्याने बहुधा उलटंच होतं. आईंनी व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा उघडलं की ते पहिल्यापासून उभं राहतं आणि नेटवर जाऊन सगळं नव्याने आणतं. ब्लूटूथचा खर्च या दोन्हींपुढे किरकोळ आहे.

---

खाडीकाठ (रात्री ११:४०)

तरंगलांबी, शोधाचं पटलं. मांडवी एक्सप्रेसने येताना दर वेळी बघतो. पनवेलपर्यंत फोन ठीक असतो, पुढे बोगदे सुरू झाले की टक्के भराभर उतरतात आणि फोन हाताला गरम लागतो. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, गाडी आत असेपर्यंत फोन नुसता टॉवर शोधत बसतो. आता रोह्याच्या पुढे सरळ फ्लाइट मोड लावतो आणि आधी उतरवून ठेवलेली गाणी ऐकतो. मडगावला ७० टक्के शिल्लक असतात.

---

आजोळ (मंगळवार, सकाळी ७:१५)

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, इथे दोन सिमचा फोन उपाशी.

---

ढोबळमानाने (सकाळी ९:३०)

सगळे सिमवर घसरले, फाईव्ह-जीचं कुणी बोलेना. माझा अनुभव स्पष्ट आहे. फाईव्ह-जी बंद करून फोर-जीवर ठेवलं की फोन संध्याकाळऐवजी रात्रीपर्यंत जातो. कारणही उघड आहे. काही कंपन्यांचं फाईव्ह-जी फोर-जीच्या खांद्यावर उभं आहे. फोनला एकाच वेळी दोन्हींशी जोडणी ठेवावी लागते, म्हणजे दोन रेडिओ चालू.

---

तरंगलांबी (सकाळी १०:४५)

बरोबर, त्यात थोडी भर घालतो. भारतात फाईव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. तेव्हा एअरटेलने एनएसए पद्धत घेतली, म्हणजे तुम्ही म्हणता तशी फोर-जीच्या आधाराने चालणारी. जिओने एसए घेतली, म्हणजे फाईव्ह-जी स्वतंत्र. पण एनएसएमध्येही फोन स्वस्थ असताना फक्त फोर-जीवर बसलेला असतो. डेटा वाहायला लागला की दुसरी जोडणी लागते. कोपऱ्यात फाईव्ह-जी दिसतंय म्हणून दोन्ही रेडिओ चालूच आहेत असं धरू नका.

आणि खर्चाचं गणित कामावर ठरतं. फोर-जीचा एक पट्टा जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्‌झ रुंद, फाईव्ह-जीचा ३.५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास १०० मेगाहर्ट्‌झपर्यंत. दोन जीबीचा सिनेमा उतरवायचा असेल तर रुंद पट्टा काम लवकर उरकतो आणि फोन लवकर झोपतो. तिथे फाईव्ह-जी स्वस्त पडतं. दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपचे बारीक-बारीक निरोप येत असतील तर एवढा रुंद पट्टा उघडणं म्हणजे एका वाटीसाठी पातेलं विसळणं. रानजाईताईंच्या आईंचा वापर दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यांच्यासाठी फोर-जी.

---

मुक्कामपोस्ट (सकाळी ११:०२)

बारीक निरोपांनी एवढं काय होतं? दोन ओळींचा डेटा तो केवढा.

---

तरंगलांबी (दुपारी १:२०)

डेटाच्या आकारापेक्षा जागं राहण्याचा वेळ महाग पडतो. दोन ओळी पाठवायला क्षणभर पुरतो. पण पाठवून झाल्यावर नेटवर्क जोडणी लगेच तोडत नाही. आणखी काही येईल म्हणून सुमारे दहा सेकंद फोनला ताटकळत ठेवतं. दर मिनिटाला एक निरोप आला तर तासात दहा मिनिटं फोन निव्वळ वाट बघण्यात जागा.

तेच साठ निरोप एकदम आले तर ताटकळणं एकदाच. आपल्याकडे वडाप चालते तसं समजा. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, एका माणसासाठी फेरी होत नाही. अँड्रॉइडने २०१५ मध्ये मार्शमेलो आवृत्तीबरोबर डोझ आणलं ते याच विचाराने. फोन पडून असला की अ‍ॅप्सची कामं साठवायची आणि मधूनमधून एकदम उरकायची. म्हणून म्हणतो, आईंच्या फोनमधले सुविचाराचे गट म्यूट करून भागणार नाही, कारण म्यूट गटाचा निरोपही फोनवर उतरतोच. नकोत ते गट सोडा.

---

द्राक्षबाग (दुपारी ३:१०)

हे वडापचं उदाहरण माझ्या बागेत बसलंय, म्हणून लिहितो. निफाड तालुक्यात साडेतीन एकर द्राक्ष. पानं किती वेळ ओली राहिली ते कळलं तर डावणी रोगाची फवारणी वेळेवर पडते, नाहीतर ऑक्टोबर छाटणीनंतरचा एक पाऊस घड घेऊन जातो. त्यासाठी बागेत चार सेन्सर लावले. ते लोरावर, म्हणजे थोड्या विजेत लांबवर पोचणाऱ्या रेडिओवर बोलतात, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा परवाना न लागणारा पट्टा. शेडवर एक डबा, त्यात सिमकार्डाचा मॉडेम, वर छोटं सोलर पॅनेल.

सेन्सरची कधी तक्रार नाही. पंधरा मिनिटं झोपतात, आकडा फेकतात, परत झोपतात. मरायचा तो शेडवरचा डबा. बसवणाऱ्याने तो दर मिनिटाला नेटवर आकडे चढवेल असा लावला होता. सप्टेंबरात चार दिवस आभाळ आलं की पाचव्या दिवशी बंद, आणि नेमकी तेव्हाच माहिती हवी असते. शिवाय टू-जीचा मॉडेम पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. बॅटरी अर्धी उतरलेली असली की त्या झटक्यात व्होल्टेज कोसळायचं, मॉडेम बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा टॉवर शोधायचा, आणि त्यात उरलेली बॅटरीही जायची.

भाच्याने बसून दोन गोष्टी केल्या. आकडे डब्यातच साठवायचे आणि अर्ध्या तासाने एकदम चढवायचे, मधल्या वेळात मॉडेम पूर्ण बंद. आणि मॉडेमच्या पुरवठ्याला जाडजूड कपॅसिटर, म्हणजे त्या झटक्यापुरती वीज साठवून ठेवणारा भाग. गेल्या हंगामात सलग आठ दिवस ऊन नव्हतं, डबा चालू राहिला. पॅनेल तेच, बॅटरी तीच.

---

पायवाट (दुपारी ३:२५)

द्राक्षबाग, फार छान अनुभव. यावर वेगळा धागा काढाच.

---

चांदणचुरा (सायंकाळी ६:००)

मूळ प्रश्नाकडे येऊया. घरात फायबर आहे ना? मग सोपं आहे. फ्लाइट मोड लावा, वायफाय तेवढं चालू ठेवा, वायफाय कॉलिंग सुरू करा. मोबाईलचा रेडिओ पूर्ण बंद, कॉल वायफायवरून येतात. मी पुण्यात तळघरातल्या ऑफिसात हेच करते, दिवसाला २० टक्केही लागत नाहीत.

---

खाडीकाठ (सायंकाळी ६:२०)

चांदणचुरा, याला माझा ठाम विरोध आहे. कोकणात पावसाळ्यात वारा सुटला की वीज गेली. वीज गेली की राउटर बंद. राउटर बंद की फ्लाइट मोडमधला फोन नुसता डबा. ज्या रात्री त्या माउलीला फोन लागेल ती हीच रात्र असणार. अंधारात, दम लागलेला असताना फ्लाइट मोड कोण काढणार?

---

चांदणचुरा (सायंकाळी ६:३५)

मान्य. शहरातल्या घराचा विचार करून लिहिलं. ताई, फ्लाइट मोडचं माझं म्हणणं मागे घेते. वायफाय कॉलिंग मात्र चालू ठेवा आणि त्यात वायफायला प्राधान्य द्या, सिम चालू असतानाही त्याचा उपयोग होतो.

---

वीजमंडळ_नव्हे (रात्री ८:१०)

खाडीकाठ यांच्या मुद्द्यावर उपाय आहे. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, चपट्या डब्यासारखा. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवरच चालतात आणि दहा वॉटच्या आसपास घेतात, त्यामुळे दोन-तीन तास सहज निघतात. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा बघून घ्या, पिनही जुळली पाहिजे. फायबरचं वेगळं खोकं असेल तर त्यालाही वीज लागते, ते विसरू नका. केबलवाल्याच्या टोकाला बॅकअप आहे का तेही विचारा. त्याच्याकडेच अंधार असेल तर आपला यूपीएस काही करू शकत नाही.

---

नवा_राउटर (रात्री ९:००)

अवांतर: मी वायफाय ७ चा राउटर घेतोय. तो म्हणे एकाच वेळी दोन-तीन पट्ट्यांवर जोडणी ठेवतो. वरचं सगळं वाचून धास्ती वाटली. तीन जोडण्या म्हणजे तिप्पट खर्च का?

---

तरंगलांबी (रात्री १०:३०)

नाही, आणि वायफाय ७ मधला मला सर्वांत आवडलेला भाग हाच आहे.

आधी साधं वायफाय. राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक दवंडी देतो. तीत यादी असते, कुणाकुणासाठी निरोप साठवून ठेवलाय त्याची. फोन त्या वेळेपुरता जागा होतो, आपलं नाव नसेल तर झोपतो. निरोप राउटरजवळ राहतो, हरवत नाही. वायफाय ६ मध्ये याच्या पुढची सोय आली, फोन आणि राउटर आधीच वेळ ठरवून घेतात की आता अमुक इतक्या वेळाने भेटू.

वायफाय ७ मध्ये एकाच फोनच्या अनेक जोडण्या असू शकतात, पण एका जोडणीवरच्या दवंडीत बाकीच्या जोडण्यांवरचीही यादी सांगता येते. वाड्याला तीन दारं असली तरी कडी वाजली हे कळायला ओसरीवर एक माणूस पुरतो, प्रत्येक दाराशी एकेक बसवावा लागत नाही. बाकीची दारं झोपलेली. मोठं काम आलं की त्यांना उठवायचं. काही फोन एकाच रेडिओवर हे साधतात. स्वस्थ असताना दोन पट्ट्यांवर कमी ताकदीने कान लावायचा आणि ज्या पट्ट्यावर हाक आली तिकडे सगळे अँटेना वळवायचे.

अडचण एकच, दोन्ही टोकं वायफाय ७ ची हवीत. जुन्या फोनला यातलं काही मिळणार नाही.

---

मुक्कामपोस्ट (रात्री १०:५०)

दवंडी आणि ओसरी, झकास समजलं. वाचनखूण साठवली आहे.

---

ढोबळमानाने (बुधवार, सकाळी ८:४०)

आणखी एक जागा बघा. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘मोबाईल डेटा ऑलवेज अ‍ॅक्टिव्ह’ असतं. ते चालू असलं की वायफायवर असतानाही मोबाईलची जोडणी तयार ठेवली जाते, म्हणजे वायफाय तुटलं तर खंड पडू नये. फिरणाऱ्या माणसाला ठीक, घरात बसलेल्या माणसाला उगाच. तसंच लोकेशनच्या सेटिंगमध्ये वायफाय स्कॅनिंग वेगळं असतं. वायफाय बंद केलं तरी ते आपलं चालूच राहतं.

---

रानजाई (पुढच्या सोमवारी, रात्री ८:१५)

मंडळी, शनिवार-रविवार गावी जाऊन आले. आकडे घेतले, वहीत लिहून आणलेत.

जुनं सिम: खिडकीत उणे ९८, आईच्या उशाशी उणे १०८. नेटचं सिम: खिडकीत उणे ११७, उशाशी उणे १२१, आणि स्वयंपाकघरात तर ‘नो सर्व्हिस’. मी दहा मिनिटं चुलीशेजारी फोन हातात धरून बसले होते. ते सिम चार वेळा गेलं आणि आलं. आम्हीच हौसेने घालून दिलेलं सिम दिवसभर तिचा फोन पोखरत होतं.

काय केलं ते सांगते. नेटचं सिम बंद केलं, पण त्याआधी त्यावरचे सगळे कॉल जुन्या नंबरवर वळवले, कारण तो नंबर मामाकडे आणि दवाखान्यात दिलेला आहे. जुनं सिम फोर-जीवर ठेवलं. ढोबळमानाने यांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी बंद केल्या. वायफाय कॉलिंग सुरू केलं. राउटर माजघरातल्या कोनाड्यातून काढून तुळईला टांगला, आता उशाशीही वायफायच्या सगळ्या काड्या दिसतात. आई अकरा गटांमधून बाहेर पडली, दोन ठेवले. एक भजनी मंडळाचा, एक माहेरचा.

रविवारी सकाळी सातला १००. रात्री नऊला ६४. आज सोमवारी सकाळी तिने फोन करून सांगितलं, ५७. बॅटरी तीच आहे.

राउटरचा यूपीएस मागवलाय. केबलवाल्याकडे इन्व्हर्टर आहे, विचारून घेतलं.

---

खाडीकाठ (रात्री ८:३०)

वा! एक सावधगिरी. कॉल वळतात, एसएमएस वळत नाहीत. बंद केलेल्या सिमवर कुठला ओटीपी येत नाही ना, ते एकदा तपासा.

---

रानजाई (रात्री ८:४२)

बँक आणि पेन्शन जुन्याच नंबरवर आहेत. गॅसचं बुकिंग मात्र त्या दुसऱ्या नंबरवर निघालं, तेही उद्या बदलून घेते.

---

तरंगलांबी (रात्री ९:०५)

उत्तम झालं. यूपीएस आला की एकदा दिवसाउजेडी मेन स्विच बंद करून बघा. राउटर चालू राहतो का, वायफायवर कॉल येतो का. मग यूपीएसही काढा आणि फोन आपोआप जुन्या सिमवर जाऊन कॉल लागतो का ते बघा. हे दोन्ही आईंसमोर करा.

---

रानजाई (रात्री ९:१०)

नक्की. पुढच्या शनिवारी परत जातेय. शेजारच्या वहिनींनाही बसवते त्या वेळी.